नाटकघराची मालकीण सारा बर्नहार्ट

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नाट्यविभागाचा अहवाल दरवर्षी मी लिहिते. यंदा त्यात लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. गेल्या श्रावणात न्हाणीघरात पाय घसरून माझ्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून मी वॉकर धरून चालते. हे आपणांस ठाऊकच आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकजणी डबा घेऊन मला भेटून गेल्या आहेत. त्या डब्यांचे ऋण या जन्मी फिटायचे नाही. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर नाटकाची बोलणी सुरू झाली आणि मला निरोप आला, की यंदा काकूंनी दगदग करू नये, प्रयोगाला पहिल्या रांगेत येऊन बसावे, आपण त्यांना शाल-श्रीफळ देऊ. निरोपात मायाच होती. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

अंथरुणावर पडून होते तेव्हा माझी भाची वाचनालयातून पुस्तके आणून देत असे. त्यांत सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीचे चरित्र आले. नाव मी पूर्वी ऐकले होते. जगातली मोठी नटी होती, एवढेच माहीत होते. तिने स्वतःचे नाटकघर चालवले, नाटके बसवली, आणि सत्तराव्या वर्षी एक पाय कापल्यावरही आठ वर्षे हे सारे सोडले नाही, हे मला नवे होते. मग एकाची तीन पुस्तके झाली. अहवालाच्या जागी तिचीच हकीकत लिहून द्यावी असे मनात आले.

सारा 1844 साली पॅरिसमध्ये जन्मली. तिची आई हॉलंडमधून आलेली ज्यू स्त्री. बड्या लोकांच्या आश्रयाने राहणारी, एवढेच सांगितले म्हणजे पुरे. बाप कोण ते शेवटपर्यंत नक्की कळले नाही. पोरीला आधी ब्रिटनी प्रांतात दाईकडे ठेवले, मग व्हर्सायच्या जोगिणींच्या शाळेत. तिथे तिला इतके बरे वाटले की आपणही जोगीण व्हावे असे तिने ठरवून टाकले. घरी मुलीच्या भवितव्याची चर्चा चालली असता आईच्या परिचयातला एक बडा सरदार, सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ, तिला नाट्यशाळेत घाला असे सहज बोलून गेला. त्याच्या शब्दाला वजन होते. 1860 मध्ये सारा नाट्यशाळेत दाखल झाली.

1862 च्या ऑगस्टमध्ये कॉमेदी-फ्रान्सेझ या सरकारी नाटकघरात तिने पहिले पाऊल टाकले. रासीनच्या नाटकातली इफिजेनी. मुलगी काटकुळी, केस कुरळे, आणि भीतीने थरथरणारी. पहिला प्रयोग काही गाजला नाही. पुढच्या जानेवारीत मात्र तिचे नाव सर्वतोमुखी झाले, ते वेगळ्याच कारणाने. मोलियेरच्या जन्मदिनाच्या समारंभात साराच्या धाकट्या बहिणीचा पाय एका वयोवृद्ध नटीच्या लांब घोळावर पडला. त्या बाईने पोरीला ढकलून दिले. साराने पुढे होऊन त्या बाईच्या थोबाडीत ठेवून दिली! माफी माग म्हणून सगळ्यांनी सांगितले, पण तिने मागितली नाही, आणि नोकरी गेली. मी याचे समर्थन करीत नाही. नाटक मंडळीत वडीलधाऱ्यांचा मान राखावा लागतो, हे मी तालमीत किती वेळा सांगितले आहे. पण वाचताना हसू आले, हे कबूल करते.

पुढची दोन-तीन वर्षे हालाची गेली. 1864 च्या डिसेंबरात तिला मुलगा झाला, मोरिस. मुलाचा बाप एका राजघराण्यातला, लग्न काही झाले नाही. त्या काळी अशा बाईला समाज कसा वागवी हे सांगायला नको. तिने मुलाला लपवले नाही, आपले नाव दिले, आणि तो मोठा झाल्यावर जुगारात उधळी तेही जन्मभर फेडीत राहिली. 1866 पासून ती ओदेऑन थिएटरात काम करू लागली. 1869 मध्ये कोपे नावाच्या तरुण कवीच्या एकांकिकेत तिने गाणाऱ्या मुलाचे काम केले, आणि पॅरिस तिच्यावर लुब्ध झाले.

इथे थोडे थांबते. आपल्या आजीच्या पिढीने बालगंधर्वांना शालू नेसलेले पाहिले आणि खरी बाई फिकी पडावी असे म्हटले. पॅरिसात याच्या उलटे होते. तिथे स्त्रिया रंगभूमीवर सर्रास येत, आणि ही बाई पुरुषांची कामे करी. पुढे 1896 मध्ये म्यूसेचे 'लोरेन्झाच्चो' तिने प्रथम रंगभूमीवर आणले. लिहून साठ वर्षे झाली तरी हे नाटक करता येणार नाही म्हणून कोणी हात लावला नव्हता. तिने ते बसवले आणि नायकाचे काम स्वतः केले. 1899 मध्ये हॅम्लेट केला. 1900 मध्ये रोस्ताँच्या 'लेग्लॉं' या नाटकात ती नेपोलियनचा कोवळा मुलगा झाली. तेव्हा तिचे वय पंचावन्न. ते नाटक कित्येक महिने भरल्या थिएटरात चालले.

पण मधली एक गोष्ट राहिली. 1870 मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, नाटके बंद झाली. साराने ओदेऑनमध्ये जखमी शिपायांसाठी इस्पितळ उघडले. अधिकाऱ्यांकडे जाऊन धान्य, औषधे मिळवली. थंडी वाढली, लाकूड मिळेना, तेव्हा नाटकाचे सामानसुमान आणि खुर्च्या जाळून चुली पेटवल्या. तोफांचे गोळे पडू लागले तेव्हा जखमींना तळघरात नेले. नाटक बसवणाऱ्या बाईच्या अंगी लागणारा सगळा व्यवस्थितपणा आणि सगळा हट्ट तिच्यात आधीच होता, हे मला या हकीकतीत दिसते.

1872 मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या 'रुय ब्लास'मधली राणी तिने केली आणि सरकारी नाटकघराने तिला परत बोलावले. 1874 ची 'फेद्र' ही तिची सर्वात मोठी भूमिका समजतात. त्याच दिवसांत ती मूर्तिकामही करी, तिच्या शिल्पाला प्रदर्शनात उल्लेखनीय म्हणून मान मिळाला होता. शवपेटीत झोपून फोटो काढणे, बलूनमधून आकाशात जाणे असले तिचे चाळेही प्रसिद्ध आहेत. ते सोडून देते. 1880 मध्ये व्यवस्थापकांशी बिनसून तिने राजीनामा दिला. करार मोडला म्हणून न्यायालयाने तिला एक लाख फ्रँक भरायला लावले. हे कर्ज डोक्यावर घेऊन तिने स्वतःची मंडळी काढली आणि ती अमेरिकेला गेली. पन्नासावर गावे, दीडशेवर प्रयोग, सगळे फ्रेंच भाषेत, न समजणाऱ्या प्रेक्षकांपुढे! परत आली ती पैसा घेऊन.

1882 मध्ये तिने एका ग्रीक नटाशी लग्न केले. तो मॉर्फिनच्या आहारी गेलेला होता. संसार टिकला नाही, पण तो 1889 मध्ये मरणाला टेकला तेव्हा शुश्रूषा हिनेच केली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दुसऱ्याच्या नाटकघरात काम केले तर दुसऱ्याच्या लहरीने वागावे लागते, हे ती फार लवकर शिकली होती. 1893 मध्ये तिने रनेसान्स थिएटर घेतले आणि पाच-सहा वर्षे चालवले. नाटक निवडणे, पात्रे ठरवणे, पोशाख, पडदे, दिवे, सगळ्यांवर तिची नजर असे. मूखा नावाचा एक अप्रसिद्ध चेक चित्रकार होता, त्याने 1894 च्या नाताळात तिच्या 'जिस्मोंदा' नाटकाची जाहिरात काढली. उभट, देवीच्या मखरासारखी. छापखान्यातल्यांना ती पटेना. साराने पाहिली आणि त्याला लागलीच कित्येक वर्षांचा करार करून दिला. त्या जाहिराती लोक भिंतीवरून सोलून घरी नेत. अशी पारख होती, पण हिशेबाची बाजू लंगडी. चांगली नाटके केली आणि या थिएटरात मोठी खोट खाल्ली. खोट भरून काढायला पुन्हा परदेश दौरा, असा तिचा जन्मभरचा क्रम. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल.

1899 मध्ये तिने पॅरिस नगरपालिकेकडून शातले चौकातले मोठे थिएटर पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. सतराशेच्या आसपास आसने. आतला जुना लाल रंग काढून तिने पिवळे मखमली पडदे लावले, लाकूडकाम पांढरे केले. स्वतःसाठी पाच खोल्यांची जागा करून घेतली, त्यात जेवणघर, त्यात न्हाणी. तालीम, प्रयोग, जेवण, हिशेब, भेटीगाठी सगळे त्याच छपराखाली. घर आणि नाटक असे दोन संसार तिने ठेवलेच नाहीत.

1905 च्या ऑक्टोबरात दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर रिओ द जानेरो येथे 'तोस्का'चा प्रयोग होता. शेवटी नायिका किल्ल्याच्या तटावरून उडी टाकते. पडद्यामागे गाद्या घातलेल्या असायच्या, त्या दिवशी त्या जागेवर नव्हत्या. उजव्या गुडघ्यावर ती आदळली. दुखापत नीट बरी होऊ न देता ती तशीच अमेरिकेला गेली. तिथल्या थिएटरवाल्यांच्या संघाशी तिचे पटले नाही, त्यांनी दारे बंद केली. मग हिने टेक्सासात भला मोठा तंबू उभारून प्रयोग केले. आपल्याकडे जत्रेत तंबू ठोकतात तसा! गुडघा ठणकत होता, गर्दी लोटत होती.

पुढची आठ-नऊ वर्षे दुखणे वाढतच गेले. बसलेली नीट उठता येईना, रंगभूमीवर चालताना कोणाचा तरी हात किंवा मेजाची कड धरावी लागे. 1909 मध्ये तिने जोन ऑफ आर्कच्या खटल्यावरचे नाटक केले. त्यात न्यायाधीश जोनला वय विचारतात. पासष्ट वर्षांची सारा प्रेक्षकांकडे वळून एकोणीस असे सांगे, आणि टाळ्यांनी थिएटर दणाणे. त्या वेळी गुडघा कसा होता हे प्रेक्षकांना कुठे माहीत!

1914 मध्ये युद्ध पेटले. जर्मन सैन्य पॅरिसवर येत होते, हितचिंतकांनी तिला दक्षिणेला नेले. बोर्दोजवळ समुद्रकाठी ती राहिली. पाय महिनोन् महिने प्लास्टरमध्ये होता. त्याने काही झाले नाही, उलट पाय सडू लागला. आता मात्र तिने स्वतःच ठरवले, की हा पाय काढायचा. पॅरिसचे नामांकित शल्यवैद्य पोझ्झी तिचे जुने स्नेही, त्यांच्या हाताने ते होईना. त्यांनी बोर्दोच्या एका शल्यवैद्यावर काम सोपवले. 22 फेब्रुवारी 1915 रोजी उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. भूल द्यायला एक डॉक्टरीणबाई होत्या, हे वाचून मला विशेष वाटले. साराचे वय तेव्हा सत्तर.

अमेरिकेतल्या बार्नम नावाच्या सर्कसवाल्याने हा कापलेला पाय प्रदर्शनासाठी मागितला, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. बार्नम 1891 मध्येच वारला होता! मोठ्या माणसाच्या दुःखावर लोक कशा गमती रचतात पहा.

मला खरी उत्सुकता होती ती पुढची. उठून ती चालली कशी? तर ती चाललीच नाही. लाकडी पाय तिला मानवला नाही. कुबड्या नकोत, चाकांची खुर्ची नको. तिने पालखीच्या धर्तीची एक खुर्ची करून घेतली, पांढरी, सोनेरी नक्षीची, पुढेमागे दांडे असलेली. दोन माणसे ती उचलीत. जायचे तिथे ती त्या खुर्चीतून जाई. रुग्णाईतासारखे नव्हे, एखाद्या संस्थानच्या राणीसारखे. लोक हसले असतील, त्याची तिने पर्वा केली नाही.

आणि नाटकाचे काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठीच मी हा लेख लिहायला बसले. तिने नाटकाची मांडणी बदलली. पडदा वर जाई तेव्हा ती आधीच आपल्या जागी बसलेली असे. मेज, कोच, खांब सगळे तिच्या हाताच्या अंतरावर. येरझाऱ्या घालायच्या त्या इतर पात्रांनी घालायच्या, आणि तिच्याकडे यायचे. 1915 च्या नोव्हेंबरातच तिने आपल्या थिएटरात मोराँ या लेखकाचे एक काव्यनाट्य केले. त्यात फ्रान्समधली मोठमोठी मंदिरे बोलतात. हिने स्ट्रासबूर्गचे मंदिर बसून सादर केले. ते गाव तेव्हा चव्वेचाळीस वर्षे जर्मनांच्या ताब्यात होते, त्यामुळे प्रेक्षकांची काय अवस्था झाली असेल ती कल्पना करावी. 1920 मध्ये रासीनच्या 'अताली' नाटकातली म्हातारी राणी तिने केली. राणीच ती, तिला सेवकांनी मेण्यातून आणले तर कोणाला खटकणार? त्याच वर्षी तरुण लेखक व्हेर्नुई याच्या 'दानियेल'मध्ये ती नशेच्या व्यसनाने खंगलेला तरुण झाली, खुर्चीतून न उठणारा. अशा माणसाच्या व्यसनाची आणि मरणाची ओळख तिला स्वतःच्या संसारातून होती.

हे सारे तिला करता आले, कारण थिएटर तिचे होते. कोणते नाटक घ्यायचे आणि कोच कुठे मांडायचा हे ठरवण्याचा अधिकार तिच्या हातात होता. दुसऱ्याच्या मंडळीत नोकर असती तर तिला हारतुरे देऊन घरी पाठवले असते, आणि तेही मायेनेच. हे वाक्य मी दोनदा खोडले होते, पण तिसऱ्यांदा लिहिले आहे.

ती देवी नव्हती हेही सांगायला हवे. रागीट होती, उधळी होती, खरे-खोटे बेमालूम मिसळून सांगे. मुलाशी तिचे मोठे भांडण झाले होते ते द्रेफ्यूस या ज्यू अधिकाऱ्याच्या खटल्यावरून. तो निर्दोष आहे हे तिचे मत, मुलगा विरुद्ध बाजूचा. ज्या मुलासाठी एवढे केले त्याच्याशी ती काही काळ दुरावली, पण मत बदलले नाही.

युद्ध चालू असतानाच ती खुर्चीतून आघाडीजवळच्या शिपायांपुढे प्रयोग करायला गेली. बरोबरच्या तरुण नटीने त्या प्रवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. जागा मिळेल तिथे, कोठारात, इस्पितळाच्या खोलीत, हिला आणून बसवत. शिपायांपैकी अनेकांचे स्वतःचेच हातपाय गेलेले. एक पाय नसलेली म्हातारी त्यांच्यासमोर बसून बोलायला लागली म्हणजे त्यांना काय वाटत असेल? 1916 मध्ये बहात्तराव्या वर्षी ती पुन्हा अमेरिकेला गेली. कसरतवाले, जादूगार यांच्याबरोबर एकाच कार्यक्रमात तिने आपले प्रवेश केले. 1917 मध्ये न्यू यॉर्कला मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया झाली. बरी झाल्यावर दौरा पुरा केला, आणि 1918 मध्ये युद्ध संपता संपता घरी आली.

1922 च्या डिसेंबरात साशा गित्री यांच्या नव्या नाटकाची तालीम चालू असता ती कोसळली. तरी पुढच्या मार्चमध्ये एका चित्रपटाचे काम घेतले. तिला स्टुडिओत जाणे शक्य नव्हते, म्हणून कॅमेरा आणि दिवे तिच्या घरी आणले. ते काम पुरे झाले नाही. 26 मार्च 1923 रोजी मुलाच्या मिठीत तिने प्राण सोडला. अंत्ययात्रेला पॅरिसचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. पेर लाशेज या दफनभूमीत तिची समाधी आहे.

थिएटरचे पुढे काय झाले ते सांगून संपवते. 1940 मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतले. सारा ज्यू आईची मुलगी, म्हणून तिचे नाव थिएटरवरून काढून दुसरे लावले. युद्धानंतर ते परत आले, पुढे 1968 मध्ये नव्या व्यवस्थेत पुन्हा गेले. अलीकडे इमारतीची मोठी दुरुस्ती झाली आणि 2023 मध्ये, तिच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या साली, ते थिएटर तिचे नाव जोडूनच उघडले.

आता अहवालाचे राहिले. कार्यवाह वहिनींना मी पत्र दिले आहे, तेच इथे सर्वांना कळवते. शाल-श्रीफळ सध्या राहू द्यावे. यंदाचे नाटक मी बसवीन. आपली तालीम वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होते, तिथवरचे जिने मला चढवत नाहीत. तालमी खालच्या वाचनखोलीत घ्याव्यात, मधले मोठे मेज भिंतीला सरकवावे, आणि मला हाताची एक खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवावी. कामे वाटून घेण्यासाठी इच्छुक भगिनींनी शनिवारी चार वाजता यावे. वेळेवर यावे.